खटपटीच्या रेडिओचा निकाल

मी एक जुना मीटर आहे. वीज मोजणारा, काळ्या डब्याचा, काचेआड काटा असलेला. मित्रांनो, कारखान्यातून निघताना एका बाईने माझ्या काचेवर फुंकर घालून ती पदराने पुसली होती. तेवढ्या मायेने मला पुन्हा कोणी हाताळलं नाही. आता मी गंजक्या स्क्रूंच्या खोक्यात पडून असतो.

मला घेतलं एका रेडिओ दुरुस्त करणाऱ्याने. बंद रेडिओच्या पोटात तो माझी लाल आणि काळी टोकं टेकवी. काटा हलला की तिथवर वीज पोचते आहे, नाही हलला की नाही. गिऱ्हाईक हुज्जत घालू लागलं की तो माझ्याकडे बोट दाखवी. म्हणे, मी नाही, मीटर सांगतोय. मी फुशारून जाई.

त्याची भाची सोळा वर्षांची होती. सगळे तिला खटपटी म्हणत. शाळा संपली तशी तिने मामाच्या दुकानात काम शिकायचा हट्ट धरला. वडिलांनी अट घातली की, आधी स्वतः रेडिओ बनवून दाखव. मामा हो म्हणाला तर शीक, नाहीतर सोमवारपासून आत्याकडे शिवणकामाला बस. मामाने टाकून दिलेले सुटे भाग निवडून तिने दोन महिन्यांत साबणाच्या डबीत रेडिओ बसवला. बोटांना फोड आले, ते तिने आईपासून लपवले.

रविवारी सकाळी वडिलांना घेऊन ती दुकानात आली. बटण दाबलं. साधी खरखरसुद्धा नाही.

मामाने मला पुढे ओढलं. सेलला टोकं लावली, काटा झोकात वर गेला. सेल ठणठणीत होते. मग आतल्या पट्टीपर्यंत पोचायला त्याने माझी काळी वायर मुरडून ताणली आणि रबराच्या आत माझी तार तुटली. बाहेरून काही दिसलं नाही. त्यानंतर त्याने जिथे जिथे टोकं लावली, तिथे काटा आडवाच.

"सगळं जाळून ठेवलंयस," मामा म्हणाला.

"मामा, एकदा परत सेललाच लावून बघ ना," ती हळूच म्हणाली. "मघाशी तिथे हलला होता."

त्या दुकानात इतकं शहाणपणाचं बोलणं मी क्वचितच ऐकलं होतं.

"आता तू मला शिकवणार?" मामा हसला आणि तिच्या वडिलांकडे वळला. "दाजी, हात शिवणालाच बरा आहे पोरीचा."

वडिलांनी मान डोलावली. तिने डबी टेबलावरच ठेवली आणि मागे न बघता निघून गेली.

दुपारी एक रेडिओ आला, नुसती स्टेशनचा काटा सरकवणारी दोरी बदलायला. तो चांगला गात होता. मामाने सवयीने माझी टोकं त्याच्या सेलला लावली. काटा हलेना. मामाचा चेहरा उतरला. त्याने माझी काळी वायर काढून फेकली, नवी बसवली आणि साबणाची डबी जवळ घेतली. बटणाचा एक जोड कच्चा राहिला होता, बस. वितळलेल्या कथिलाचा एक थेंब लावून त्याने तो जोड पक्का केला. रेडिओ खणखणीत वाजू लागला.

मला वाटलं, आता हा उठेल. तिचं घर तीन गल्ल्या पलीकडे होतं आणि सोमवार अजून उजाडायचा होता. त्याने आवाज थोडा कमी केला आणि डबी फळीवर ठेवली.

अकरा वर्षं ती तिथे वाजली. कोणी कौतुक केलं की मामा म्हणे, "माझ्याच हातचा आहे." खटपटी कधीमधी आत्याच्या शिलाई मशीनची मोटर घेऊन येई. तिची चाहूल लागली की तो घाईने रेडिओ बंद करी. ती फळीवरच्या मुक्या डबीकडे एकदा बघे आणि मान खाली घाली. मोटरीत काय बिघडलंय, ते तिने कधी विचारलं नाही.

मित्रांनो, आम्हा मीटरांच्या वायरी मुरडू नका, हे तर आहेच. पण वायर बदलता येते. आपली चूक उमगली, तर त्याच दिवशी चपला घाला आणि ज्याचं नुकसान झालं त्याच्या दारात जाऊन सांगा. मामाला पाय होते, तो गेला नाही. मला खरं ठाऊक होतं, पण काट्याला बोलता येत नाही.