मांडीतली प्लेट

अप्पारावांनी बायकोला दोन्ही हातांनी उचलून यंत्राच्या बेल्टवर बसवलं. जेवणाची सुट्टी होती आणि बेल्ट बंद होता, म्हणून बरं.

"अहो, हे काय करताय?" डबा तसाच सोडून अमेय धावत आला.

अप्पाराव चितेगावच्या या भंगार कारखान्याचे वॉचमन आणि अमेय यंत्रावरचा इंजिनिअर. यंत्र बघायला आलेल्या पाहुण्यांच्या तोंडून 'एक्स-रे' हा शब्द अप्पारावांनी फाटकावर इतक्यांदा ऐकला होता, की मालकांनी अखेर कामगारांसाठी काहीतरी केलं असा त्यांचा समज झाला होता.

मोरीत घसरल्यापासून सत्यभामाबाईंची मांडी सुजली होती. आत जुन्या ऑपरेशनमधली प्लेट होती. ती तुटली की शाबूत आहे, हे फोटो काढल्याशिवाय सांगता येणार नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. सरकारी दवाखान्यातलं यंत्र एका सुट्या भागाची वाट पाहत बंद होतं. शहरात न्यावं, तर एसटीच्या पायरीवर त्यांचा पाय चढत नव्हता.

अमेयनं समजावून सांगितलं. हे यंत्र एक्स-रेचंच, पण माणसांचं नाही, भंगाराचं. अॅल्युमिनियम पुढं जाऊ देतं. जड धातू दिसला, की हवेच्या झोतानं खाली उडवतं.

"मंग हिच्यात बी जड धातूच हाय की, साहेब."

"म्हणून तर."

अप्पारावांनी थोडा विचार केला आणि बायकोला उतरवून घेतलं.

सुट्टी संपली, बेल्ट सुरू झाला. बाईंना उभं राहवत नव्हतं, म्हणून अमेयनं त्यांना पडद्यासमोरच्या आपल्या खुर्चीत बसवलं. दुसरं काही देण्यासारखं त्याच्याकडं नव्हतं. पडद्यावर अॅल्युमिनियमचे नारिंगी तुकडे पळत होते, मधूनच जड धातूचा एखादा निळा उडत होता. शेजाऱ्यांच्या घरी टीव्ही बघावा तशा त्या अंग चोरून बघत होत्या.

एक लांबट निळी पट्टी सरकत आली. ओळीनं भोकं असलेली.

"थांबवा," त्या म्हणाल्या.

अमेयनं चित्र मागं घेऊन थांबवलं.

"आवं, ही माझ्यासारखीच. डॉक्टरनं फोटोत दावली व्हती तशी."

अप्पारावांनी वाकून पट्टीवरून बोट फिरवलं. चीर नाही, वाक नाही.

"लई दणकट असती ही," ते म्हणाले. "तुला उगंच घोर."

स्मशानातली राख चाळणाऱ्यांकडून अशा प्लेटा भंगारात येतात, हे अमेयला नोकरीच्या पहिल्याच महिन्यात कळलं होतं.

"जिची व्हती ती बरी झाली असंल," सत्यभामाबाई म्हणाल्या. "म्हणून काढली असंल. व्हय ना, साहेब?"

दोघंही त्याच्याकडं बघत होती.

"हो, काकू."

"मंग मी बी चालते," म्हणत त्यांनी नवऱ्याचा हात बाजूला केला आणि सुजलेल्या पायावर भार देऊन त्या उठल्या.