जावयासाठी धरलेला करकोचा

“जयभीम, पावणं. पाण्याकडं कशाला निघालाय? पाखरू घरातच हाय,” श्रीपती म्हणाला आणि मोठ्या आशेनं जावयाच्या तोंडाकडं बघत राहिला.

रविंद्र बायकोला उतरवून, अंगणात एम-एटी गाडी लावून पाण्याकडं निघाला होता. गळ्यात दुर्बीण. बारामतीच्या शाळेतला हा मास्तर पाखरांचा नादी. सोयरिकीच्या वेळी श्रीपतीनं त्याला चारचौघांत ‘बिनपगारी मास्तर’ म्हणून हिणवलं होतं. तोंडाला लगाम हा प्रकार त्याला जन्मात जमला नाही. लेकीनं, ज्योत्स्नानं, मग परस्पर लग्न केलं आणि माहेर सोडलं. त्याला चार वर्षं झाली. आणि आता चौऱ्याण्णवच्या फेब्रुवारीत तिचा निरोप आला. आबा, उजनी धरणाच्या पाण्यात, पाणी ओसरल्यावर पेरायच्या तुमच्या गाळपेरीच्या रानापाशी, काळ्या मानेचा करकोचा उतरलाय म्हणतात. इकडं असा पक्षी सहसा दिसत नाही. रविवारी दोघं बघायला येतो. श्रीपतीला आभाळ ठेंगणं झालं.

पण गुरुवारी ते पाखरू पलीकडच्या काठाला गेलं आणि म्हाताऱ्याचा जीव टांगणीला लागला. दुसऱ्या दिवशी परत आलं, तेव्हा त्यानं धोका पत्करला नाही. मासेमाराचं जाळं मागून आणलं. पाहुणा यायचा म्हणजे कोंबडी आदल्या दिवशीच डालून ठेवायची, हा त्याच्या घरचा रिवाज. तोच त्यानं इथं चालवला, आणि घात झाला.

आतल्या खोलीत करकोचा भिंतीला टेकून बसला होता. लांबलचक लाल पाय जुन्या धोतराच्या पट्टीनं बांधलेले. एक पंख लोंबत होता. पुढ्यातले मासे तसेच.

“खात न्हाय काय, पर हाय झ्याक,” श्रीपती म्हणाला.

रविंद्रनं खाली बसून पट्टी सोडली, पंखाखाली बोटं घातली. हाड मोडलं होतं.

“मामा, मला हा उडताना बघायचा होता.”

“आन् उडून गेला असता म्हंजी? मग तुमी कशाला आला असता हितं?”

रविंद्रनं पोतं मागितलं. बारामतीला जनावरांच्या डॉक्टरकडं न्यायचं म्हणाला. चुलीपुढून श्रीपतीची बायको अक्काबाई उठून आली. “चार घास तरी खाऊन जावा.”

“नको, मामी. भूक नाही.”

ज्योत्स्नाचे डोळे भरले होते. “आबा, मला इचारायचं तरी.”

“कुणाला इचारू? तू हुतीस कुठं?” श्रीपती बोलून गेला, आणि बोलल्याबरोबर त्याला स्वतःची जीभ उपटून टाकावीशी वाटली.

ती गाडीवर मागं बसली. पोत्यात गुंडाळलेलं पाखरू तिनं पोटाशी धरलं. गाडी बांधावरून सडकेला लागली, वळणावर दिसेनाशी झाली, तरी श्रीपती हात वर करून उभाच होता.

“तिचं दोनी हात गुतलं हुतं,” तो अक्काबाईला म्हणाला.

अक्काबाई आत गेली.