बटरच्या पाठीवर

माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, हे अख्ख्या रेवदंड्याला माहीत आहे. मासळीवालीने वाटा लहान लावला की मी तिथेच बोलते, आणि पाहुण्यांनी दुसऱ्या चहाचा आग्रह केला की तोंडावर नको म्हणते. सासूबाई सांगतात, आमची नेत्रा आधी 'नको' बोलायला शिकली, मग 'आई'. खोटं नाही ते. अशी मी, आणि या वर्षी गणपतीपासून दसऱ्यापर्यंत एक गोष्ट पोटात घेऊन वावरले. कशी वावरले ते माझं मला माहीत.

हितेश माझा नवरा. लग्नाआधीपासूनची ओळख, म्हणून मी त्याला नावाने हाक मारते आणि सासूबाई दरवेळी खोकतात. आमची दोन घोडी किनाऱ्यावर चालतात, शनिवार-रविवारी येणाऱ्या मंडळींना फेऱ्या मारायला. पण हितेशचं खरं काम वेगळं. नव्या जनावराला खोगीर आणि स्वार सोसायला शिकवायचं, यासाठी पार अलिबागपासूनचे घोडेवाले त्याच्याकडे यायचे. एप्रिलात अशाच कुणाचा एक अडेल घोडा मागच्या पायांवर उभा राहिला आणि हितेशला घेऊन उलटा पडला. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, आत सळई बसली, पावसाळा खाटेवर गेला. काठी घेऊन चालायला लागला तेव्हा डॉक्टरांनी आम्हा दोघांना समोर बसवून सांगितलं की चालाल, फिराल, पण या खुब्यावर पुन्हा पडलात तर उभे राहाल याची खात्री मी देणार नाही. हितेशने मान हलवली आणि बाहेर आल्यावर दुसराच विषय काढला.

बटर ही आमच्या जुन्या घोडीची पोर. चहात बुडवून खातात त्या बटराच्या रंगाची, म्हणून बटर. वय तीन, म्हणजे पाठीवर माणूस घ्यायचं वय. आणि आमच्या घरची रीत अशी की घरात जन्मलेल्या घोड्यावर पहिल्यांदा घरचा कर्ता पुरुष बसतो, तेही दसऱ्याला, पूजा झाल्यावर. माझ्या सासऱ्यांनी ते केलं, त्यांच्या वडिलांनी केलं. हितेशने खाटेवर असतानाच चार घोडेवाल्यांसमोर सांगून टाकलं की दसऱ्याला बटरवर मीच बसणार. झालं, शब्द गेला.

मी तिथेच नको म्हणायला हवं होतं. जीभ वळवळत होती. पण त्या महिन्यांत मी त्याला उठवत होते, न्हाऊ घालत होते, संडासला नेत होते, आणि एकदा उचलताना त्याने तोंड भिंतीकडे फिरवलेलं मी पाहिलं होतं. त्या दिवशी मनाशी ठरवलं की याला आता कशालाच नको म्हणायचं नाही. त्याच्याकडे घोड्यांशिवाय दुसरं होतं काय? तो मान मी काढून घेतला असता तर तो खाटेवरून उठलाच नसता, असं मला वाटायचं. आणि दसऱ्याला तो पडला तर पुन्हा कधीच उठणार नाही, असंही वाटायचं. या दोन्हीच्या मधे मला रात्री झोप येत नव्हती आणि दिवसा भांडी हातातून पडत होती.

गणपती गेले आणि शिकवणं सुरू झालं. हितेश ओट्यावर बसून सांगायचा, हात माझे. आधी पाठीवर गोणपाट, मग गोणपाटावर वाळूची पिशवी, मग खोगीर. घोड्यांच्या बाबतीत हितेशला घाई म्हणून ठाऊक नाही. मला दुसरं काही ठाऊक नाही. खोगिराचा तंग, म्हणजे पोटाखालचा पट्टा, त्याने सांगितलं होतं की आधी एका भोकावर लाव, फिरव, मग दुसऱ्या. मी एका दमात आवळला. बटरने चारही पाय उचलले, खोगीर घसरून पोटाखाली गेलं आणि ती तशीच शेजारच्या भागुबाईंच्या वाडीतून वालाचे मांडव पाडत सुटली. भागुबाईंनी माझ्या सात पिढ्या काढल्या. हितेश मात्र एवढंच म्हणाला की जनावराला तुझ्या हातातली धावपळ कळते. मला राग आला, कारण ते खरं होतं. मग मी रोज एकेक भोक मोजून तंग लावला, दातओठ खात, आणि बटरने हळूहळू खोगीर सोसलं.

राहिला स्वार. पाठीवर पहिला माणूस आला की तरुण घोडं उसळतं, ते उसळणारच, हे हितेशनेच मला लग्नानंतर शिकवलं होतं. पाच-दहा उसळ्या बसून काढायच्या, मग जनावर हार मानतं. सळई बसलेल्या खुब्याने तो एक तरी उसळी काढू शकणार होता का?

बटरला पाय बळकट व्हावेत म्हणून रोज समुद्राच्या पाण्यात चालवायचं काम माझ्याकडे होतं. आमच्या घरामागे सुरूची झाडं आणि त्यापलीकडे किनारा. भरती बघून जायचं, म्हणून माझी वेळ रोज पुढे सरकायची आणि कुणाला काही वावगं वाटायचं नाही. एका सकाळी पाणी तिच्या पोटापर्यंत होतं आणि ती डोळे अर्धे मिटून उभी होती. मी सहज तिच्या पाठीवर दोन्ही हात टाकून भार दिला. तिने कान हलवले, बाकी काही नाही. पाण्यात माझं वजन ते किती! दुसऱ्या दिवशी आडवी पडले. तेव्हा ती उसळायला गेली, पण पाण्याने पाय उचलू दिले नाहीत, आणि मी घसरले तरी पाण्यातच पडले. आणखी काही दिवसांनी टांग टाकून बसले.

मला इतका आनंद झाला की ओरडावंसं वाटलं. म्हटलं, सुटलो. बटरच्या सगळ्या उसळ्या मी इथेच संपवणार. दसऱ्याला हितेश बसेल तेव्हा ती उभी राहील, लोक म्हणतील, काय हात आहे हितेशचा, आणि त्याला कधी कळणार नाही. रोज बसत होते. पाण्यातच तिला वळवायची, चालवायची. कोरड्या वाळूवर बसले नाही, कारण तिथे कुणीतरी बघितलं असतं. शिवाय पाठ ती पाठ, असा माझा हिशेब. ओली साडी बघून सासूबाई विचारायच्या तेव्हा सांगायची, घोडी धुतली.

एवढी मोठी गोष्ट पोटात आणि सांगायला कुणी नाही. मी लसूण सोलताना स्वतःशी पुटपुटायला लागले. त्यात हितेशचं वागणं विचित्र. जेवताना मधेच म्हणायचा, दसऱ्याला पाऊस असला तर पुढे ढकलावं लागेल. मी म्हणायची, तुझी घोडी, तू बघ. एकदा त्याने विचारलं, डॉक्टर खुब्याचं नेमकं काय बोलला होता, तुला आठवतं का. मला वाटलं, माझी परीक्षा बघतोय. म्हटलं, मला नाही आठवत. तो बराच वेळ ताटात बोटं फिरवत बसला. दसऱ्याच्या आदल्या संध्याकाळी तर किनाऱ्यावरच्या दुसऱ्या घोडेवाल्याचं, केतनचं नाव घेतलं, म्हणाला केतनचा हात पण बरा आहे हां. मी म्हटलं, बरा आहे की, आणि आत निघून गेले, कारण अजून एक मिनिट तिथे थांबले असते तर तोंडातून सगळं बाहेर पडलं असतं.

दसऱ्याला आकाश लख्ख. सासूबाईंनी बटरच्या खुरांना हळदकुंकू लावलं, गळ्यात झेंडूची माळ घातली. केतन आणि बाकीचे घोडेवाले, भागुबाई, वाडीतली पोरंसोरं, सगळे जमले. नवं खोगीर मी स्वतः चढवलं, एकेका भोकाने. ओट्याला घोडी लावली, केतनने दोर धरला आणि हितेशने काठी माझ्या हातात दिली. माझ्याकडे बघितलं. मी हसले. देवाशपथ, मी त्याला धीर द्यायला हसले.

तो बसला. बटर थरथरली, कान मागे टाकले आणि उभी राहिली. एक उसळी नाही. केतनने तोंडात बोट घातलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि मी पहिल्यांदा नीट श्वास घेतला. हितेशने खूण केली तसा केतनने दोर सोडला.

बटर वळली आणि निघाली. आधी चालत, मग दुडक्या चालीने, सुरूच्या झाडांमधून थेट पाण्याकडे. हितेश लगाम ओढत होता, पण ती ऐकेना. तेव्हा मला कळलं मी काय करून ठेवलंय. पाठीवर माणूस कुठे घ्यायचा असतो, तर पाण्यात, एवढंच मी तिला शिकवलं होतं. कोरड्या जमिनीवर माणूस बसला म्हणून ती घाबरली होती, आणि जिथे तिला ते ठाऊक होतं तिथे ती निघाली होती. मी काठी टाकली, साडी खोचली आणि धावले. मागून सगळे ओरडत होते. हितेश एका बाजूला कलला होता आणि मी पळता पळता एवढंच म्हणत होते, पडू नको, पडू नको.

ती पाण्यात शिरली, पोटाला पाणी लागलं आणि थांबली. रोजच्या जागी. डोळे अर्धे मिटून.

मी पोचले तेव्हा मला छातीएवढं पाणी होतं. हितेशने आयाळ दोन्ही मुठींत धरली होती. चेहरा पांढरा पडला होता. त्याने घोडीकडे बघितलं, मग माझ्याकडे. उभं आयुष्य घोड्यांत गेलेला माणूस, त्याला काय सांगावं लागणार?

"किती दिस बसतंस हिच्यावर?"

"रोज," मी म्हटलं.

त्याने आयाळ सोडली. मग म्हणाला, उतरव मला. मी त्याला कमरेला धरून पाण्यात उतरवलं. तो खोगिराला धरून उभा राहिला, आणि मला वाटलं आता हा शिव्या घालेल, घालू दे.

"मी महिनाभर वाट बघत व्हतो," हितेश म्हणाला. "तू नको बोलशील म्हणून."

मला आधी कळलंच नाही.

"पावसाचा बोललो, डागदराचा बोललो, केतनचा बोललो. तू सगल्या गावाला नको बोलतंस. मनाच कशी नाय बोललीस?"

असा राग आला मला की हात उचलला असता. मी म्हटलं, "तुझ्या मानासाठी. तुझ्या मानासाठी तोंड शिवून बसले मी."

"मना मान नको व्हता गो," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज फाटला. "मना भ्या वाटत व्हता. घरात एकटी तूच हायस, जिचा ऐकून मी थांबलो असतो तर कोन हसला नसता."

मी रडले. तोही रडला. एकाच घरात, एकाच भीतीने दोघं जागे होतो, आणि मी माझ्या बाजूला वळून झोपल्याचं सोंग करत होते. हा विचार मनात आला आणि मला स्वतःची चीड आली, त्याचीही आली. बटर आमच्या मधे उभी होती, झेंडूची माळ पाण्यावर तरंगत होती, नवं खोगीर खाऱ्या पाण्याने खराब होत होतं. कुणालाच त्याचं काही नव्हतं.

किनाऱ्यावर माणसं जमली होती. केतन गुडघाभर पाण्यात येऊन ओरडत होता, काय झालं, पुन्हा बसणार का. हितेशने डोळे पुसले आणि खोगिरावर हात ठेवला. बसायला. मला दिसलं की तो बसेल, इतक्या डोळ्यांसमोर तो नक्की बसेल.

"नको," मी म्हटलं.

त्याचा हात तिथेच थांबला. मग खाली आला.

मी लगाम धरला, त्याचा दुसरा हात माझ्या खांद्यावर घेतला आणि आम्ही तिघं पायी बाहेर आलो. सासूबाई पुढे झाल्या, दसऱ्याचं असं अर्धवट का सोडलं म्हणाल्या. मी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "मी उतरवलं त्याला. मी नको म्हटलं."

घोडेवाले हसले. ही नेत्रा म्हणजे सणालासुद्धा नवऱ्याला सुखाने बसू देणार नाही, असं भागुबाई म्हणाल्या, आणि कुणीतरी हितेशला बायकोच्या ताटाखालचं मांजर म्हटलं. केतनने त्याच्या पाठीवर थाप मारली. हितेशने खाली मान घालून सगळं ऐकून घेतलं, हसलासुद्धा. पण घर येईपर्यंत त्याने माझा खांदा सोडला नाही, आणि काठी आणून देऊ का असं मी विचारलं तेव्हा नको म्हणाला.