चालत्या प्रोग्रॅमखालची फाइल

तेरा वर्षं सर्व्हर सांभाळणाऱ्या बाईनं ही चूक करावी? पण केली खरी. बल्गेरियातल्या रूसेच्या गणित संस्थेत स्नेझानानं सकाळी लायब्ररीची, म्हणजे सगळ्या प्रोग्रॅमांच्या सामायिक कोडची, नवी फाइल सरळ जुन्या फाइलवरच उतरवली. आई जाऊन नऊ दिवस झाले होते. हात चालत होते, डोकं बधिर होतं.

नव्या लोकांना तीच दटावून सांगायची, "बाबांनो, लायब्ररी मेमरीत एकदाच असते. तिच्यावर शंभर प्रोग्रॅम जगतात आणि प्रत्येकाला वाटतं, ती आपली एकट्याची. तिची पानं, म्हणजे तिचे तुकडे, लागतील तसे डिस्कवरून येतात. म्हणून नवी फाइल शेजारी ठेवा, मग तिला जुनीचं नाव द्या. जुनी धरून बसलेत ते जुनीवर सुखानं राहतात."

आणि तिनंच चालत्या प्रोग्रॅमांखालची पानं बदलली. बत्तीस प्रोग्रॅम धडाधड कोसळले. एकतीस तिनं पुन्हा उभे केले. उरलेला प्रोफेसर काल्चोंचा. दोनशे बारा दिवस चाललेलं गणित, अकरा दिवसांवर उत्तर. मधलं काही जपून ठेवायची सोय त्या हट्टी माणसानं केलीच नव्हती. डॉक्टरांनी त्यांना दोन महिने दिलेले. उत्तर डोळ्यांनी बघायचं, एवढीच त्यांची इच्छा.

ती जिना चढून त्यांच्या खोलीत गेली. रडू येईल असं वाटलं होतं, आलं नाही.

"सर, तुमचं गणित गेलं. मी घालवलं. चालू फाइलवरच नवी उतरवली."

म्हाताऱ्यानं बोझाचा, त्या आंबूस-गोड पेयाचा, ग्लास खाली ठेवला. "तू? अगं, याच चुकीवरून मला चारचौघांत झापलं होतंस की!"

"हो."

"गाढव आहेस."

"हो, सर."

"नुसतं हो हो काय करतेस? भांड तरी!"

"काहीच वाटत नाहीये, सर. आई गेली तेव्हापासून."

त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. मग म्हणाले, "पुन्हा सुरू केलंस तर?"

"एप्रिलचा शेवट येईल."

"एप्रिलात मी कुठला असायला!" त्यांनी कोरा कागद पुढे ओढला. "सुरू कर. आणि ती खुर्ची घे. उत्तर आलं की ते बरोबर आहे का, हे तुला ओळखता आलं पाहिजे."

तासभर ते लिहीत होते, ती बघत होती.

"कळलं?"

"नाही, सर."

"एका दिवसात कसं कळेल? उद्या ये. रोज ये, मी आहे तोवर."