विहिरीकडची खोली

लीलाबाईंनी भिंतीवर बोटांनी टकटक केली, कान लावला आणि त्या दोन पावलं पुढं सरकल्या.

"बाई, काय ऐकून राहिल्या?" पुंजारामनं विचारलं.

"काई नाई."

त्याला ते पटलं नाही. खोली न घेता ही म्हातारी तासभर खालच्या मजल्यावर फिरत होती. कौंडण्यपूरच्या रस्त्यावरची ही धर्मशाळा लॉज व्हायच्या आधीपासून पुंजाराम इथं चौकीदार. मातीच्या भिंती पाडून विटांच्या झाल्या, कवेलूचं छप्पर जाऊन वर मजला चढला. सागाचे जुने खांब तेवढे राहिले, तेही प्लायवूडनं झाकलेले. जुन्या जागेत गुप्तधन असतं, हा लोकांचा समज मात्र गेला नाही. मागच्या वर्षी कुणीतरी परसात खड्डा खणला, तेव्हा मालकाचा पहिला संशय पुंजारामवरच आला होता.

त्यानं बाहेर येऊन मालकाला, ललितला, फोन लावला.

"काढ तिले बाहेर," ललित म्हणाला. "नाईतर तूबी जाय."

पुंजाराम आत आला. "कोनं पाठवलं तुमाले? धन पाहून राहिल्या काय?"

लीलाबाईंनी भिंतीवरचा हात काढला. मग म्हणाल्या, "खांब पाहून राहिली. माहा बाप सांगे, इहिरीकडच्या दोन खांबांच्या मधातली खोली. जत्रेतून येता येता मायले कळा लागल्या. मी झाली, अन् माय तिथंच गेली."

"मंग इतके वर्सं काहून नाई आल्या?"

"बापानं येऊ देल्लं नाई. तो औंदा गेला."

पुंजारामला ती जागा ठाऊक होती. त्यानं शेजारची चार नंबरची खोली उघडली. स्वच्छ, नवी चादर घातलेली.

"हे पाहा."

लीलाबाईंनी खोलीकडं पाहिलं, मग त्याच्या तोंडाकडं. "खरं सांगता ना भाऊ?"

त्यानं मान खाली घातली. "नाई. तिकडं." आणि त्यानं पुरुषांच्या संडासाकडं बोट दाखवलं.

लीलाबाई तिकडं वळल्या. हळूहळू तिथवर गेल्या.

फोन वाजला. "गेली का ते बाई?"

"गेली," पुंजाराम म्हणाला.

लीलाबाईंनी दाराबाहेर चपला काढल्या आणि ओल्या फरशीवर अनवाणी उभ्या राहिल्या. खांद्यावर टॉवेल टाकून एक गिऱ्हाईक आलं. पुंजाराम दारात आडवा झाला.

"वरच्या मजल्यावर जा साहेब," तो म्हणाला. "इथं मानूस हाय."