तालाआधी गायलेलं गाणं

मी एक जुना कंप्युटर आहे, मित्रांनो. मला कोणी नवाकोरा विकत आणला, हार घातला, पेढे वाटले, असं कधी झालं नाही. अकोल्यातल्या एका दुकानात मेलेल्या मशिनींचे भाग जोडून मला उभं केलं. बार्शीटाकळीच्या टायपिंग क्लासात मी वर्षानुवर्षं पोरांच्या बोटांचा मार खाल्ला. क्लास बंद पडला तेव्हा मला पोत्यात कोंबलं. माझ्यावर शिकून नोकरीला लागलेल्यांपैकी एकही डोकवायला आला नाही. माणसं अशीच असतात. हे मी गोड करून सांगणार नाही.

त्या पोत्यातून मला प्रीतमने उचललं. अकोल्याच्या अकोटफैलात त्याचं घर. घरात तो, धाकटी बहीण पायल, माय सुंदराबाई आणि बाप बुधाजी. चौदा एप्रिलला विहारासमोर सुंदराबाईचं गाणं झाल्याशिवाय वस्ती जागची हलत नसे. ढोलकीवर तिचा नवरा बुधाजी. या जोडीची रीत ठरलेली: बाई पुढे, ढोलकी मागे. एखाद्या शब्दावर जीव आला की सुंदराबाई तो धरून ठेवायची, शेवटच्या कडव्यात एकदम पळायची, आणि बुधाजी तिच्या तोंडाकडे बघत हात चालवायचा.

बुधाजी वारला. वर्षभरात सुंदराबाईच्या गळ्यात गाठ निघाली. अमरावतीच्या डॉक्टरांनी सरळ सांगितलं, जीव वाचेल, आवाज जाईल.

ऑपरेशनआधी पायलने तिला माझ्यासमोर बसवलं. खिडकीला गोधड्या टांगल्या, पंखा बंद केला, साधासा माइक जोडला. सुंदराबाई बुधाजीनेच रचलेलं गाणं गायली. एकटी. मागे कसला ठोका असावा, हे कोणाच्या मनातही आलं नाही. या घरात आधी गाणं, मग ताल.

"ताल मांगून लावू," प्रीतम म्हणाला.

तो आवाज माझ्या पोटात राहिला. ऑपरेशननंतर जगात आणखी कुठेच नव्हता.

पुढचा चौदा एप्रिल जवळ आला. विहारासमोर मायचं गाणं वाजलंच पाहिजे आणि ते तिने समोर बसून ऐकलं पाहिजे, असं बहीणभावाने ठरवलं. ढोलकीवाला मिळेना. जो तो डीजेच्या गाडीमागे गेलेला. मग प्रीतमने इंटरनेटवर फुकटचं ड्रम मशीन, म्हणजे ठोके वाजवणारं सॉफ्टवेअर, शोधायला घेतलं.

मित्रांनो, फुकट या शब्दाच्या आड किती लुच्चे बसलेले असतात! पानभर हिरवी बटणं, सगळ्यांवर 'डाउनलोड', आणि खरं एकही नाही.

"दादा, ते नको दाबू, जाहिरात आहे ते!"

"अवं, हिरवं तर आहे," म्हणत त्याने दाबलं.

माझ्या अंगात घाण शिरली. पडद्यावर लॉटरी लागल्याच्या थापा नाचू लागल्या. एकही फाइल उघडेना. ललितच्या दुरुस्तीच्या दुकानात माझं पोट उघडलं गेलं.

"फॉरमॅटच मारा लागते," ललित म्हणाला.

पायलने टेबल घट्ट धरलं. "माही माय आहे त्याच्यात, भाऊ."

खपून खपून ललितने घाण काढली, आवाज वाचवला. परत देताना प्रीतमला म्हणाला, "दुसरी कॉपी काढून ठेव बे, पेनड्राइव्हवर."

"काढतो ना."

काढली नाही.

शेवटी एक खरं ड्रम मशीन सापडलं. कुठल्याशा अनोळखी माणसांनी मनापासून बनवलेलं, मोफत, साधं. त्याची मी निंदा करणार नाही. छोट्या छोट्या चौकटी, ज्या चौकटीवर टिचकी माराल तिथे ठोका पडतो. प्रीतमने केरवा ताल बसवला आणि गाण्याखाली लावला. पहिली ओळ झकास जमली. दुसऱ्या ओळीत सुंदराबाई एका शब्दावर थांबली आणि मशीन तिला टाकून पुढे निघून गेलं. मशीनला कोणाच्या तोंडाकडे बघता येत नाही.

"माय ताल सोडून राहिली," प्रीतम करवादला.

"माय नाही सोडत. तुह्या मशीनलेच ऐकू येत नाही!"

पायल रागाने चहा ठेवायला गेली. तेवढ्यात प्रीतमने पहिलं कडवं ओढून, ताणून, दाबून ठोक्यांवर बसवलं आणि जोरात लावलं. "आता ऐक!"

सुंदराबाई आतून आली. गळ्याला पट्टी. ऐकत उभी राहिली. मग पायलकडे वळून तिने नुसते ओठ हलवले. पायलला ते वाचता येतात. ती विचारत होती, कोण गाते हे?

मायला स्वतःचा आवाज ओळखू आला नाही.

"दादा, मूळ फाइल कुठं आहे?"

"त्याच्यावरच सेव्ह केलं."

"कॉपी?"

प्रीतम माझ्याकडे बघत राहिला, जणू मीच ते कडवं खाल्लं. पायलने त्याला तोंडाला येईल ते ऐकवलं, आणि बरोबर केलं. बाकीची कडवी धड होती. पहिलं गेलं ते गेलं.

मग सुंदराबाई माझ्याशेजारी बसली. माझ्या डब्याच्या बाजूच्या पत्र्यावर तिने थाप मारली. पुन्हा मारली. हनुवटीने पायलला खुणावलं, तू गा.

"मले नाही येत, माय."

थाप आणखी जोरात पडली. पायलने पहिलं कडवं उचललं. आवाज कापरा, एका शब्दावर दम तुटला. थाप थांबली. सुंदराबाई लेकीच्या तोंडाकडे बघत होती. शब्द सुटला तसा हात पडला. प्रीतमने माइक पत्र्याजवळ सरकवला आणि लेकीचं कडवं पहिल्यापासून भरून घेतलं. पुढची कडवी सुंदराबाईने स्वतःच्याच आवाजामागे वाजवली, डोळे मिटून.

चौदा एप्रिलला ते गाणं वाजलं. आधी लेक, मग माय. लोक उभे राहिले. प्रीतम मांडवात आला नाही, बाहेर गाडीवर बसून राहिला.

मित्रांनो, मला पुसू नका, माझ्यावर धूळ बसू द्या, मला त्याचं काही नाही. पण घरातला एकुलता एक आवाज माझ्यासारख्याच्या हवाली करता, तेव्हा हात लावण्याआधी दुसरी प्रत काढा. उद्यावर टाकू नका. मी यंत्र आहे, सांगाल ते करतो. त्या दिवशीही मी पडद्यावर स्पष्ट विचारलं होतं, जुनं पुसून यावरच लिहू का? त्याने न वाचता 'हो' दाबलं.

वाचत जा रे.