बांधून ठेवलेली पिवळी नळी

माझा रंग उडालेला पाहून नाक मुरडू नका, मित्रांनो. मी एक जुनी पिवळी नळी आहे. पाणबुड्याच्या पाठीवर हवेची टाकी असते आणि तिला दोन नळ्या जोडलेल्या असतात. काळी नळी तो स्वतःच्या तोंडात धरतो. पिवळी, म्हणजे मी, त्याच्या जोडीदारासाठी. पाण्याखाली जोडीदाराची हवा संपली, तर त्याने मला तोंडात धरून श्वास घ्यायचा. चटकन दिसावी म्हणून माझा रंग असा भडक. ज्याच्या पाठीवर मी जन्म काढते, त्याच्या स्वतःच्या मी काही उपयोगाची नाही, आणि याचा मला पहिल्यापासून फार अभिमान वाटत आला आहे.

कारखान्यातून मी आले ती एका बंदरावर, एका नवराबायकोच्या हाती. बोटींच्या तळाला चिकटलेले शिंपले आणि शेवाळ खरवडून काढणे हा त्यांचा धंदा. नवऱ्याने बंदरावरच्या निम्म्या मुलांना पोहायला शिकवले होते, म्हणून त्याला सगळे मास्तर म्हणत. ओघानेच बायको झाली मास्तरीणबाई. दोघे नेहमी जोडीने पाण्यात उतरत. त्याआधी धक्क्याच्या पायरीवर बसून एकमेकांची पिवळी नळी तोंडात धरून बघायची, हा त्यांचा शिरस्ता.

"तुमच्या नळीला कांद्याचा वास येतोय," बाई म्हणायच्या.

"मग हवा संपवू नकोस," मास्तर म्हणायचे.

ते माझे सुखाचे दिवस होते.

मग दोघांचे बिनसले. बाई काम निगुतीने करीत, पण सावकाश. मास्तरांचा हात झपाझप चाले. एकदा ओले कपडे पिळता पिळता ते म्हणाले, "तुझ्यासाठी थांबत बसलो, तर दिवसाला एकच बोट होते."

"मग जा एकटे," बाई म्हणाल्या.

त्या रागाच्या भरात बोलल्या होत्या. मास्तरांनी ते खरेच मानले. दुसऱ्या दिवसापासून ते एकटे उतरू लागले आणि बाई शेडमध्ये बसून टाक्या भरू लागल्या.

एकट्या माणसाला माझे काय काम? मी कामात लुडबुडते, कुठे ना कुठे अडकते, म्हणून मास्तरांनी मला खांद्यामागे दुमडले आणि सायकलच्या ट्यूबच्या पट्टीने आवळून टाकले. बोटवाले मात्र खूश होते. मास्तर एकटे दोघांचे काम उरकतात, असे ते कौतुकाने सांगत. मला कोणी धुतले नाही. मीठ साचून माझ्या तोंडातला रबरी पडदा कडक होत गेला. बाईंची पिवळी नळी शेडमध्ये खिळ्याला टांगलेली असे. तिच्याकडून मला कळले, की बाई दारात उभ्या राहून मास्तरांचे बुडबुडे बघतात आणि ते दिसेनासे झाले, की त्यांच्या हातातले काम थांबते. मास्तरांना याचा पत्ताच नव्हता.

एके दिवशी एका मोठ्या बोटीच्या पंख्यात जाळ्याचा दोर गुंडाळला गेला. एकाने तो ताणून धरायचा, दुसऱ्याने कापायचा. एकट्याचे ते काम नव्हते.

"येतेस का?" मास्तरांनी जमिनीकडे बघत विचारले.

बाई टाकी चढवू लागल्या. त्या गडबडीत पायरीवर कोणी बसले नाही. मोडलेला शिरस्ता दोघांनाही आठवला नाही.

बोटीच्या पोटाखाली अंधारलेले होते. बाई बऱ्याच दिवसांनी उतरल्या होत्या. दोर ओढताना त्यांना दम लागत होता, आणि दमलेला माणूस हवा भराभर संपवतो. टाकीच्या काट्याकडे त्यांचे लक्ष गेले, तेव्हा उशीर झाला होता. डोक्यावर बोट, त्यामुळे सरळ वर जायची सोय नव्हती. त्यांनी गळ्यावरून आडवा हात फिरवला. हवा संपली, अशी ती खूण.

मास्तरांचा हात माझ्याकडे आला. मित्रांनो, या एका क्षणासाठी मला घडवले होते. त्यांनी मला ओढले, मी हलले नाही. त्यांनी पुन्हा ओढले. पट्टी पक्की बसली होती. मास्तरांनी कुठलेच काम कधी कच्चे केले नव्हते. मला इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नाही.

मग त्यांनी आपल्या तोंडातली काळी नळी काढून बाईंच्या तोंडात दिली. आळीपाळीने श्वास घेत, एकमेकांचे पट्टे घट्ट धरून दोघे बोटीखालून बाजूला सरकले आणि हळूहळू वर आले. मी मागे बांधलेलीच.

धक्क्यावर बसल्यावर मास्तर पट्टी सोडायला गेले, पण गाठ सुटेना. शेवटी बाईंनी सुरीने पट्टी कापली.

"मला वाटलं होतं, तू आता कधी पाण्यात यायची नाहीस," मास्तर म्हणाले. "रागावली होतीस ना."

"रागावलेय अजून," बाई म्हणाल्या. "पण एकटं जायचं असेल, तरी पिवळी मोकळी ठेवून जात जा. मी कधी मागून येईन, याचा काही नेम नाही."

मास्तरांना रडू फुटले. त्यानंतर ते एकटे कधी उतरले नाहीत.

मित्रांनो, आम्हा नळ्यांना गोड्या पाण्याने धुवावे, उन्हात टाकू नये, हे तुम्हाला कोणीही सांगेल. माझे मागणे वेगळे आहे. जोडीदारावर रुसा, भांडा, हवा तर अबोला धरा. पण त्याच्यासाठी ठेवलेली वस्तू बांधून टाकू नका. ज्या दिवशी तो हात पुढे करतो, त्या दिवशी गाठ सोडायला वेळ नसतो.